खोका उघडतो तो, आणि वस्तू उघडतो तो

नव्या फोनचा खोका दुसराच कुणीतरी उघडतो आणि ते आपण दहा-पंधरा मिनिटं टक लावून पाहतो. त्यात एवढं काय आहे, यावरून माझा थोरला भाऊ आणि माझी लेक यांचं धुळ्याला भावाच्या घरी बोलणं झालं. जेवणं आटोपल्यावर सुरू झालेलं बोलणं अर्ध्या रात्रीपर्यंत चाललं. मला ते मोलाचं वाटलं, म्हणून आठवेल तसं इथे मांडते आहे. दोघांनाही या विषयात बोलायचा अधिकार आहे. दादाने आग्रा रोडच्या आतल्या एका बोळात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आयुष्यभर चालवलं. लेक जळगावला गोलाणी मार्केटमध्ये मोबाईलच्या दुकानात काउंटर सांभाळते. एकाचा जन्म बिघडलेल्या वस्तू उघडण्यात गेला, दुसरी सीलबंद खोके विकते. मी मधली. ऐकत होते, आणि राहवलं नाही तिथे बोललेही.

मामा : घ्यायचा नाही, हातात यायचा नाही, मग तो खोका बघायचा कशाला? मघाशी तू बघत होतीस तो फोन लाखाच्या वरचा. त्या माणसाने टेबलावर खोका ठेवला, कटरने पट्टी कापली, झाकण वर उचललं, आणि तुझा घास हातातच राहिला.

भाची : मामा, आमच्या काउंटरवर माणूस आला की पहिलं हेच म्हणतो, ‘जरा खोलून दाखवा.’ आणि मला नाही म्हणावं लागतं. सील तुटलं की तो खोका दुसरं गिऱ्हाईक घेत नाही. काचेत डमी ठेवलेली असते, आतून पोकळ. एखाद्या मॉडेलचा डेमो पीस असतो, तो तारेने बांधलेला. सगळ्या मॉडेलचे डेमो पीस जळगावच्या दुकानालाही येत नाहीत, मग पारोळ्याच्या नाहीतर यावलच्या दुकानाचं विचारूच नका. पंधरा-वीस हजार मोजायचे आणि त्याआधी वस्तू बघायची नाही, हा कुठला न्याय? व्हिडिओवाला माझ्या गिऱ्हाइकासाठी ते सील तोडतो. आत चार्जर आहे की नाही, कव्हर मिळतं का, पाठीवर बोटांचे डाग उठतात का, हातात केवढा दिसतो, हे त्याला घरबसल्या कळतं.

मामा : म्हणजे दुकानाने जे करायचं ते त्या माणसाने केलं.

भाची : तेच. आणि हे एका दिवसात झालं नाही. २०१४च्या फेब्रुवारीत मोटोरोलाने मोटो जी भारतात आणला, तो फक्त फ्लिपकार्टवर. त्याच वर्षी जुलैत शाओमीचा मी ३ आला, तोही तिथेच. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेला विक्री सुरू व्हायची आणि बघता बघता माल संपायचा. जळगावात काय, मुंबईच्या दुकानातही तो फोन बघायला मिळत नव्हता. मग बघायचा कुठे? ज्याच्या हातात आधी पडला त्याच्या व्हिडिओत. पुढे २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि चोपड्याकडचा पोरगाही केळीच्या बांधावर बसून हे बघायला लागला. आज तो दुकानात येतो तेव्हा प्रोसेसरचं नाव त्याला माझ्याआधी ठाऊक असतं. पूर्वी दुकानदार जो फोन पुढे सरकवेल तो घ्यावा लागायचा. कुठल्या फोनवर दुकानाला जास्त मिळतं, हे गिऱ्हाइकाला कळायचंच नाही.

हे बोलताना लेकीचा आवाज चढला होता. पगार ती दुकानाचा घेते, पण उभी राहते काउंटरच्या पलीकडच्या माणसाच्या बाजूने. मला तिचं हे फार आवडतं.

मामा : दुकानदाराचं गेलं, व्हिडिओवाल्याचं आलं. त्याला फोन कोण देतो?

भाची : पुष्कळदा कंपनीच देते.

मामा : कधी देते?

भाची : बाजारात यायच्या आधी. आणि अट घालते, अमुक दिवशी अमुक वाजता व्हिडिओ टाकायचा, त्याआधी नाही. म्हणून एकाच संध्याकाळी कितीतरी जण तोच खोका उघडताना दिसतात.

मामा : ज्याने फोन दिला त्याच्या फोनला नाव ठेवलं तर पुढच्या वेळी फोन येईल का त्याच्याकडे? तो माणूस खोटारडा आहे असं मी म्हणत नाही बेटा. पण त्याच्या पोटापाण्याची दोरी कुणाच्या हातात आहे ते बघणाऱ्याला दिसलं पाहिजे.

भाची : त्यासाठी नियम आलेत. जाहिरात मानक परिषदेने २०२१मध्ये सांगितलं की पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन व्हिडिओ केला असेल तर तसं ठळक लिहायचं. २०२३च्या जानेवारीत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही तेच बजावलं. फसवी जाहिरात केली तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. आणि १ जुलै २०२२पासून प्राप्तिकराचं १९४-आर कलम लागू झालं. कंपनीने दिलेली वस्तू व्हिडिओवाल्याने स्वतःकडे ठेवली आणि वर्षाला असा लाभ २० हजारांच्या वर गेला, तर त्यावर १० टक्के टीडीएस. काम झाल्यावर वस्तू परत केली तर काही नाही.

मामा : हे मला आवडलं. ठेवून घेतलेला फोन म्हणजे मोबदला, परत केलेला फोन म्हणजे काम. सरकारने बरोबर जागी रेघ ओढली. मग हीच गोष्ट बघणाऱ्याला का सांगत नाहीत? ‘हा फोन मी परत करणार आहे’ किंवा ‘हा माझ्याकडेच राहणार आहे’, एवढंच एक वाक्य.

भाची : सांगणारे आहेत. काही जण स्वतःच्या पैशाने फोन घेतात आणि तसं बोलून दाखवतात. पण बऱ्याच व्हिडिओंत ते तळाला बारीक अक्षरात असतं, आणि आमचं गिऱ्हाईक तिथवर जात नाही. हे तुमचं खरं आहे.

इथे मला रुखवत आठवलं आणि मी मधे पडले.

मी : दादा, दुसऱ्याच्या नव्या वस्तू बघायची हौस आपल्याला यूट्यूबने लावली का? लग्नात रुखवत मांडतात तेव्हा आपण काय करतो? मांडवाच्या एका अंगाला टेबलं जोडलेली, त्यावर पांढरी चादर, स्टीलच्या डब्यांची उतरंड, पितळी घागर, खोक्यासकट ठेवलेला मिक्सर, शिलाई मशीन, विणलेली तोरणं, लाडू-करंज्यांची ताटं. रुखवत बघितल्याशिवाय एक बाई पंगतीला बसायची नाही. भांड्यावर कोरलेली नावं आम्ही वाचायचो, डब्याचं झाकण उघडून बंद करायचो, पत्रा जाड आहे का ते बोटाने वाजवून बघायचो. लहान पोरं मागून लुगडी ओढायची, ‘माले बी दखू दे.’ त्यातलं आम्हाला काहीएक मिळणार नव्हतं, तरी बघून मन भरायचं. घरात दोन पातेली असलेल्या बाईला पन्नास पातेली एकत्र बघायला मिळत होती.

मामा : आणि घरी गेल्यावर काय बोलायच्या तुम्ही? अमक्याने कपाट दिलं, तमक्याने फ्रीज दिला. मग गावातल्या पुढच्या मुलीच्या बापाला फ्रीज द्यावाच लागायचा. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला, म्हणून ते टेबल लहान झालं नाही. मांडणारा हौसेने मांडतो, बघणारा हौसेने बघतो, आणि त्यातून तिसऱ्याच घराला कर्ज होतं. बघण्यात पाप नाही, पण बघता बघता मोजपट्टी तयार होते.

मी गप्प झाले. रुखवताचं टेबल मला अजूनही सुंदर वाटतं, आणि दादाचं म्हणणंही नाकारता येत नाही. आमच्याच नात्यातल्या एका लग्नात त्या टेबलावर काय नव्हतं याचीच चर्चा पुढे वर्षभर चालली होती.

मामा : माझ्या दुकानात मी हे उघड्या डोळ्यांनी पाहिलं आहे. १९८२ला एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला. १९८७च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं आणि गल्लीगल्लीत खोके उतरायला लागले. थर्माकोल निघायचा, पोरं तो पळवायची, अख्खी गल्ली दाराशी. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे दुरुस्तीला टाकलेल्या ब्लॅक अँड व्हाईट सेटचा मालक येऊन म्हणायचा, ‘राहू द्या, आता रंगीतच घेऊ.’ सेटला एक कपॅसिटर हवा असायचा, बस. चांगला चालणारा सेट भंगारात जायचा, कारण शेजाऱ्याचा खोका त्याने पाहिला होता. पण तेव्हा शेजारी एक होता. आता तुझ्या फोनमध्ये रोज नवा शेजारी राहायला येतो.

भाची : ते मी रोज बघते मामा. आमच्या दुकानात फायनान्सवाल्याचा माणूस टेबल टाकून बसलेला असतो. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, आणि थोड्या वेळात फोन पोराच्या हातात. पगार बारा हजार आणि फोन चाळीसचा. ‘घरी विचारलंस का रे?’ असं मी एकदोघांना विचारलं, तर दुकानातून मला ऐकून घ्यावं लागलं. तरीही सगळा दोष बघण्याला देऊ नका. लाखाचा फोन मी घेणार नाही, मला तो नकोच आहे. मी तो बघितला आणि माझी हौस फिटली. असे बघणारे खूप आहेत. कॅमेरा कसा आहे हे त्यांना कळून काय करायचं? त्यांना ते उघडणंच आवडतं. तुम्ही एकदा आवाज ऐकून बघा.

तिने व्हिडिओ लावला. खोक्याचं झाकण पटकन निघत नव्हतं. दोन्ही हातांनी धरून वर उचललं तरी खालचा भाग सावकाश, हवा आत शिरेल तसा सुटत होता. मग पडद्यावरची पातळ फिल्म एका कोपऱ्यातून ओढली, तिचा बारीक फर्रकन आवाज.

भाची : ते झाकण मुद्दाम तसं बनवलेलं असतं. ॲडम लाशिन्स्की नावाच्या पत्रकाराने २०१२ साली ॲपलवर पुस्तक लिहिलं. त्यात आहे की खोक्यांसाठी तिथे वेगळी बंदिस्त खोली होती, आणि एक डिझायनर महिनोन्महिने तिथे बसून शेकडो नमुन्यांचे खोके उघडून बघत होता. झाकण किती वेळात सुटावं, पट्टी कुठून ओढावी, हे सगळं ठरवलेलं.

मामा : म्हणजे उत्सुकताही कारखान्यातच भरून येते.

भाची : उत्सुकता आपलीच असते. वोल्फ्राम शुल्त्स नावाच्या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. माकडाला फळाचा रस द्यायचा आणि त्याआधी दिवा लावायचा. सुरुवातीला मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी रस मिळाला की चेतायच्या. दिव्यानंतर रस येतो हे माकडाला कळल्यावर त्याच पेशी दिवा लागताच चेतायला लागल्या, प्रत्यक्ष रसाला नाही. मिळण्यापेक्षा ‘आता मिळणार’ हीच घटका गोड. झाकण वर जातं ती ही घटका, आणि ती दुसऱ्याच्या हातून घडली तरी आपल्याला लागते.

मामा : हे मात्र मला ठाऊक आहे. शास्त्रज्ञाने सांगायला नको होतं. सेटचे मागचे स्क्रू काढले, पुठ्ठ्याचं झाकण ओढलं की गरम धुळीचा आणि मेणाचा वास यायचा. आत कुठे काळं पडलं असेल, ट्रान्सफॉर्मर गेला असेल की नुसतं ड्राय सोल्डर असेल, हे कळायच्या आधीचे ते दोन क्षण. तेवढ्यासाठी मी हा धंदा केला असं म्हटलंस तरी चालेल. गिऱ्हाईकही खांद्यावरून वाकून बघायचं. फक्त माझं काम तिथून सुरू व्हायचं. मल्टीमीटर लावायचा, बिघाड शोधायचा, डाग द्यायचा, सेट लावून दोन तास चालू ठेवायचा. तुझा माणूस झाकण उघडतो, फोन हातात फिरवतो, दोन फोटो काढतो आणि ‘पुन्हा भेटू’ म्हणतो. वस्तूचं आयुष्य जिथे सुरू होतं तिथे त्याचा व्हिडिओ संपतो.

मग दादा अंगणातल्या खाटेवर सरकून बसला आणि त्याच्या आवडत्या विषयावर आला. धुळेकराला इतिहासाचार्य राजवाड्यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

मामा : आपल्या धुळ्यात राजवाडे वारले, १९२६च्या ३१ डिसेंबरला. त्या माणसाने गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यावरचे दप्तरांचे रुमाल सोडले. कुठे वाळवी लागलेली, कुठे उंदरांनी कुरतडलेलं. गाठ सुटून कागद दिसायचा ती घटका त्यांनाही गोड लागत असणार. पण ते तिथे थांबले नाहीत. मोडी वाचलं, उतरवून काढलं, १८९८ला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढे बावीस खंड झाले. नुसता रुमाल सोडून, वरचा कागद लोकांना दाखवून ते पुढच्या गावाला गेले असते, तर आज राजवाडे संशोधन मंडळात कोण कशाला आलं असतं?

भाची : मामा, राजवाड्यांना पुढच्या आठवड्यात नवा रुमाल दाखवायची सक्ती नव्हती. फोन बाजारात येतो त्या एक-दोन दिवसांत लोक जेवढं बघतात, तेवढं पुढे सहा महिन्यांत बघत नाहीत. जो थांबून, महिनाभर फोन वापरून व्हिडिओ करील, त्याच्या वाट्याला बघणारे उरत नाहीत. त्याला खोलात जायचं नसतं असं नाही. बाजार त्याला तेवढा वेळ देत नाही.

मामा : मग मी माझं बोलणं थोडं फिरवतो. दोष त्या माणसाचा नाही, घाईचा आहे. आणि ती घाई बघणाऱ्यांनीच लावली आहे.

लेकीने यावर मान हलवली, पण पुढे तिने जे काढलं त्याने बोलणं दुसऱ्याच वाटेला लागलं. तिने सांगितलं की या प्रकाराला सुरुवातीपासूनच एक खोडकर बाजू आहे. यूट्यूब निघालं २००५मध्ये, आणि २००६ सालच्या नोकिया ई-६१ फोनच्या व्हिडिओला अशा व्हिडिओंतल्या अगदी पहिल्यांत धरतात. कॅनडातला लुईस हिल्सेनटेगर २०१०पासून ‘अनबॉक्स थेरपी’ या नावाने खोके उघडतो. पण २०१४च्या सप्टेंबरात त्याने आयफोन ६ प्लस नुसत्या हातांनी वाकवून दाखवला आणि जगभर चर्चा झाली. म्हणजे खोका उघडणारा कंपनीला अडचणीतही आणू शकतो. मग तिने झॅक नेल्सन या अमेरिकन माणसाचा एक व्हिडिओ दादाला दाखवला. हा माणूस नवाकोरा फोन घेतो आणि खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोस मापाच्या अणकुच्या एकामागून एक पडद्यावर ओढतो. सहाव्या अणकुचीला बारीक ओरखडा, सातवीला खोल. मग फोन वाकवतो, आणि शेवटी पाठ गरम करून आतलं सगळं बाहेर काढतो.

दादाने तो व्हिडिओ सबंध बघितला. मधे तीनदा थांबवायला लावला.

मामा : हा माझ्या जातीचा माणूस आहे. मागे घे जरा. बॅटरी डिंकाने चिकटवली आहे ना?

भाची : हो. काही फोनमध्ये ओढून काढायची पट्टी असते, काहींत तीही नसते. आमच्या मार्केटमधली दुरुस्तीवाली पोरं हीट गन मारून, पातळ पिक घालून काढतात. जरा जोर जास्त झाला तर बॅटरी वाकते आणि पेट घेऊ शकते. फोल्डर, म्हणजे पडद्याचा अख्खा भाग, बदलायलाही आधी पाठ उचकटावी लागते, आणि जुन्या मॉडेलचं चांगलं फोल्डर मिळालं तर फोनच्या आजच्या किमतीतले निम्मे पैसे त्यालाच जातात. म्हणून गिऱ्हाईक म्हणतं, ‘जाऊ द्या, नवाच दाखवा.’

मामा : अगदी तेच वाक्य! चाळीस वर्षांपूर्वीचं! पण माझ्या सेटला स्क्रू होते. कुणीही उघडू शकत होतं. इथे झाकण उघडायचा सोहळा मोठा, आणि खरं झाकण कायमचं बंद. खोक्याला ओढायची पट्टी देतात आणि बॅटरीला देत नाहीत, हे लोकांना कुणी दाखवलं पाहिजे की नाही?

भाची : दाखवतात. आयफिक्सिट नावाची अमेरिकन कंपनी २००३पासून वस्तू सुट्या करून, कशी उघडायची ते फोटोंसकट सांगते आणि दुरुस्तीला किती सोपी त्याचे दहापैकी गुण देते. फ्रान्सने तर १ जानेवारी २०२१पासून स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही अशा काही वस्तूंवर दुरुस्तीचे गुण छापणं सक्तीचं केलं. दुकानात किमतीच्या शेजारीच ते गुण दिसायला लागले. युरोपीय संघाच्या नव्या नियमाने १८ फेब्रुवारी २०२७पासून घरच्या घरी काढता येईल अशी बॅटरी द्यायची आहे. आपल्याकडे केंद्राने २४ डिसेंबर २०२२ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. पण मी काउंटरवर उभी असते मामा. ‘हा दुरुस्त होईल का?’ असं नवा फोन घेताना मला आजवर कुणी विचारलेलं आठवत नाही.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग लहान मुलांचा विषय त्याने काढला, की खेळणी उघडायचे व्हिडिओ बघून शेजारची पोरं हट्ट करतात. तो वेगळा आणि मला जास्त काळजीचा विषय आहे. फोन घेणारा मोठा माणूस असतो, त्याच्याशी वाद घालता येतो.

मी : तुम्ही दोघं दुसऱ्यांच्या व्हिडिओंबद्दल बोलताय. पण आता तर आपल्या गल्लीतल्या बायकाही पार्सल आलं की आधी कुणालातरी शूटिंग करायला बसवतात.

भाची : तो व्हिडिओ तर मी सगळ्यांना करायला सांगते. पार्सलात फोनऐवजी साबणाची वडी निघाली तर भांडायचं कशाच्या जोरावर? पण लोक चुकीचा करतात. खोका फोडल्यावर आठवण होते आणि मग कॅमेरा लावतात. त्याला कोण मानणार? आधी सहा बाजूंनी बंद पार्सल दाखवायचं, वरचं लेबल वाचता येईल इतकं जवळ न्यायचं, चिकटपट्टी दाखवायची, मग कापायचं. मधे कुठेही थांबवायचं नाही, एका दमात. फोन सुरू झाला की स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय नंबर काढायचा आणि खोक्यावरच्या नंबरशी जुळतो का ते त्याच व्हिडिओत दाखवायचं. तो नंबर केवायएम लिहून १४४२२ला एसएमएस केला तर फोन खरा कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल तेही कळतं. फसवणूक झालीच तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

मामा : हे मला शिकव. उद्याच शिकव. या व्हिडिओला माझा सलाम. इथे बघणारा आणि ज्याचे पैसे गेले तो एकच माणूस आहे.

एव्हाना दोघांचं भांडण उरलं नव्हतं असं नाही. दादाचं म्हणणं अजूनही हेच, की रोज नवी वस्तू डोळ्यांपुढे आली की घरातली चांगली वस्तू जुनी दिसायला लागते. लेकीचं म्हणणं, की दुकानाच्या काचेमागे अडवून ठेवलेलं जे होतं ते आता सगळ्यांना दिसतं, आणि हे फार मोठं काम आहे. मला दोन्ही खरं वाटतं, पण निवडच करायची तर मी लेकीच्या बाजूला झुकेन. बघायला मिळणं ही लहान गावाच्या माणसासाठी लहान गोष्ट नाही. माझी तक्रार बघण्याबद्दल नाही, फार लवकर थांबण्याबद्दल आहे. आणि इथेच लेकीने शेवटची गोष्ट काढली.

भाची : मामा, ते व्हिडिओ कुठे होतात? एसी लावलेल्या खोलीत. ॲपल स्वतः सांगते की आयफोन वापरायचा तो ० ते ३५ अंशांच्या हवेत. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या पुढे जातो. मोटरसायकलच्या टाकीवर लावलेला फोन, केळीच्या बागेत खिशातला फोन, पत्र्याच्या घरात चार्जिंगला लावलेला फोन. दरवर्षी मे-जूनमध्ये फुगलेल्या बॅटऱ्या घेऊन लोक येतात. खोका उघडणाऱ्या कुणालाही हे ठाऊक नसतं, कारण त्याचा फोन तोवर परत गेलेला असतो.

मामा : मग आपल्यातल्या कुणीतरी करावा असा व्हिडिओ. आपण नुसतेच घेणारे नाही आहोत. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तीच कंपनी पुढे विप्रो झाली आणि १९८०च्या दशकात तिने कॉम्प्युटर बनवले. आज अहिराणी गाणी यूट्यूबवर कुठल्या कुठे पोचली. ज्यांना गाणं करता येतं त्यांना एका फोनचा उन्हाळा दाखवता येणार नाही?

खानदेशात व्हिडिओ करणाऱ्या मुलामुलींना म्हणूनच माझी विनंती आहे. खोका हौसेने उघडा, आम्ही हौसेने बघू. फोन कुणी दिला, तो परत जाणार की तुमच्याकडे राहणार, हे पहिल्याच मिनिटात बोलून सांगा. आणि तोच फोन मार्चमध्ये घेऊन जूनपर्यंत वापरा, धुळ्याच्या धुळीत आणि भुसावळच्या उन्हात, मग गोलाणी मार्केटमधल्या एखाद्या दुरुस्तीवाल्याकडून त्याची पाठ उघडून घ्या आणि दुसरा व्हिडिओ टाका. अहिराणीत टाकलात तर फारच चांगलं. गिऱ्हाइकाला पहिल्याच्या आधी तो दुसरा व्हिडिओ दाखवायचं माझ्या लेकीने कबूल केलं आहे.